वाचनालयाच्या भिंतीवर मोठी देवनागरी अक्षरं आणि चित्र: नमुने कुठे पाहायचे, भिंतीवर उतरवायचं कसं?

पानगळ
आमच्या वाचनालयाची रस्त्याकडची कुंपणभिंत रंगवायची आहे. लांबी २४ फूट, उंची ८ फूट, तोंड पश्चिमेला. गिलावा चार वर्षांचा आहे, त्यावर पांढरा डिस्टेंपर. मजकूर ‘सार्वजनिक वाचनालय’ एवढाच, आणि शेजारी एखादं चित्र. रंगवणारे हौशी, पण हात बसलेले चौघे आहेत.

अडचण आधी नमुन्यांपासूनच आहे. पिंटरेस्टवर ‘स्ट्रीट आर्ट’ शोधलं की पंख लावलेल्या भिंती आणि गुबगुबीत रोमन अक्षरं येतात. देवनागरीत हल्ली चांगलं काम कुठे होतंय, ते पाहायचं कुठे, आणि पाहून नेमकं काय उचलायचं? दुसरं म्हणजे रंग किती, कुठला, आणि एवढी अक्षरं सरळ कशी येतील? जाणकारांनी सविस्तर लिहावं. पावसाळ्याआधी काम संपवायचं आहे.

शिरोरेघ
नमुन्यांचं मी लिहितो, भिंतीचं इतर लिहितीलच.

अक्षरांसाठी पहिलं नाव कमल शेडगे. २०२० साली ते गेले, पण वर्तमानपत्रांतल्या मराठी नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी केलेली शीर्षकं हा आजही सगळ्यात चांगला धडा आहे. एक काम करा. त्यांची दहा शीर्षकं जमवा, प्रत्येकावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त तीन गोष्टी गिरवा: शिरोरेघ, उभे दंड, आणि अक्षराच्या पोटातली पोकळी. अक्षराचा स्वभाव सजावटीत नसतो, या तिघांच्या प्रमाणात असतो, हे गिरवताना हाताला कळतं. नुसतं पाहून कळत नाही.

दुसरं, सध्याचे फाँट. हे पडद्यावर फुकट पाहता येतात आणि मुक्त परवान्याचे असल्यामुळे भिंतीवर वापरायलाही अडचण नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू, मोदक, गोटू, जैनी हे सगळे फाँट उघडून शेजारी शेजारी ठेवा. मोदकमध्ये अक्षराची पोकळी मिटत मिटत नुसत्या चिरेएवढी उरते. जैनी जुन्या जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतल्या वळणावर आहे. एकाच लिपीची ही दोन टोकं आहेत.

तुमच्या कामाला सगळ्यात जवळचा मात्र यात्रा वन. कॅथरिन ली श्मिट यांनी तो मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केला. फरक एवढाच की रेल्वेच्या ठरलेल्या पाट्यांत कुंचल्याचा कोन वेगळा असतो, आणि यात्रा वनमध्ये देवनागरीचा परंपरेतला कोन आहे. हा कोन समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट असतो. त्यामुळे देवनागरीत ‘ठ’सारखा गोल काढला तर तो वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड होतो. रोमन ‘ओ’ त्याच्या उलट: खाली डावीकडे आणि वर उजवीकडे जाड. रोमन कॅलिग्राफीची सवय असलेला माणूस देवनागरी लिहितो तेव्हा अक्षर सुबक असूनही परकं दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. भिंतीवर काम सुरू करण्याआधी चौघांनीही चपट्या कुंचल्याने वर्तमानपत्रावर पन्नास ‘ठ’ काढावेत.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचं डीसोर्स नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे लिपी आणि अक्षरांकनावर भरपूर साहित्य मोफत आहे. आणि हनीफ कुरेशींचा हँडपेंटेड टाइप हा उपक्रम जरूर शोधा. रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं त्या पेंटरच्या नावानिशी जपायचं काम त्यात झालं. रस्त्यावरची भित्तिचित्रं करवून घेणाऱ्या स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या संस्थापकांपैकीही ते एक. २०२४ साली ते गेले.

घोडी-फळी
भिंतीबद्दल. नमुना कितीही सुंदर असो, खाली डिस्टेंपर असेल तर सगळं त्याच्यासकट पापुद्र्यांनी सुटेल. दोन चाचण्या आजच करा.

तळहात भिंतीवर जोरात घासा. पांढरं लागलं तर तो थर खरवडून काढायलाच हवा. त्यावर प्राइमर मारून भागत नाही, कारण प्राइमर भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. मग चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला कपचे आले तर तेच उत्तर.

ओल पाहायला दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून भिंतीवर डकवा. एक जमिनीजवळ, एक भिंतीच्या माथ्याजवळ. चोवीस तासांनी आतून दव दिसलं तर भिंतीत पाणी आहे. खालचाच कागद ओला असेल तर जमिनीतून चढणारी ओल आहे. वरचा ओला असेल तर पाणी माथ्यातून शिरतंय. कुंपणभिंतीचं हे दुखणं नेहमीचं, आणि लोक रंगाला दोष देतात. माथ्यावर उताराचं कोपिंग, म्हणजे झाकण, करून घ्या, ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच बाहेर येऊ द्या आणि त्याच्या खालच्या अंगाला पागोळीची खाच ठेवा, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता खाली सुटतं. एवढा खर्च रंगाआधी करा.

मग क्रम असा: पाणी मारून डिस्टेंपर भिजवा, पत्रीने खरवडा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा. शेवाळ असेल तिथे एक भाग सोडियम हायपोक्लोराइट आणि तीन भाग पाणी लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पुन्हा धुवा. हातमोजे घाला, आणि त्यात ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. केसाएवढ्या भेगा तशाच भरू नका. पत्रीच्या टोकाने व्ही आकारात पाच मिलिमीटर रुंद करा, धूळ काढा, बाहेरच्या कामाचा क्रॅक फिलर भरा. आख्ख्या भिंतीला पुट्टी नको. थोडा खरखरीतपणा रंगाला धरून ठेवतो. खड्डे भरायला व्हाइट सिमेंटची पुट्टी चालेल. पीओपी बाहेर अजिबात नको, पहिल्याच पावसात फुगतं.

दोन-तीन उन्हं खाऊ द्या. मग बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक प्राइमर, एक हात, म्हणजे एक थर.

ऑइलपेंट वापरायचा मोह टाळा. पत्र्याच्या पाटीवर तो उत्तम, सिमेंटवर नाही. सिमेंट अल्कली असतं, ओल आली की ती अल्कली तेलाचा साबण करते. रंग आधी चिकट होतो, मग सालासारखा निघतो.

काजळकाठी
प्रत्यक्ष पाहायला जायचं असेल तर थोडी ठिकाणं.

मुंबईत तुळशी पाइप रोड, म्हणजे सेनापती बापट मार्गाची रेल्वेकडची लांब भिंत. २००९ मध्ये द वॉल प्रोजेक्टच्या पुढाकाराने आणि महापालिकेच्या परवानगीने तिथे शेकडो लोकांनी रंगवलं. वांद्र्याला रिक्लेमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये काढलेले दादासाहेब फाळके. माहीम पूर्वेला स्टेशनच्या आसपासच्या वस्तीतल्या रंगवलेल्या भिंती. २०१७ च्या हिवाळ्यात ससून डॉकवर अशाच कलेचा मोठा उपक्रम झाला होता. कुलाब्यात कॅफे माँडेगारच्या आतल्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. ती रस्त्यावरची नाहीत, पण एका रेषेत गर्दी कशी बसवायची हे त्यांच्याइतकं कोणी शिकवत नाही.

दिल्लीला गेलात तर लोधी कॉलनी. २०१५ पासून तिथे सरकारी वसाहतीच्या भिंतींवर काम होत आलंय. डाकू नावाने काम करणाऱ्या कलावंताची एक भिंत तिथे आहे, तिच्यावर अक्षरं रंगवलेलीच नाहीत. ती भिंतीपासून काटकोनात बाहेर आलेली आहेत, आणि सूर्य वर आला की त्यांची सावली भिंतीवर पडून शब्द वाचता येतात. ऊन सरकतं तसे शब्द तिरके होत जातात आणि शेवटी पुसले जातात. विषय काळ हाच आहे. अक्षर आणि ऊन यांचा इतका चोख हिशेब क्वचितच पाहायला मिळतो.

आणखी एक युक्ती. गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ पासून आहे, मुंबई-पुण्या-नाशिकच्या रस्त्यांसकट. कॉम्प्युटरवर काही जागी जुन्या तारखेचं दृश्यही निवडता येतं. तीच भिंत दोन तारखांना पाहा. कुठला रंग उडाला, पापुद्रा खालून निघाला की वरून, लोकांनी कुठे पिचकाऱ्या मारल्या, कुठे पोस्टर चिकटवलं, सगळं दिसतं. इन्स्टाग्रामवर फक्त पहिल्या दिवसाचा फोटो असतो.

पानगळ
सगळ्यांचे आभार. चाचण्या केल्या. हाताला भरपूर पांढरं लागलं. खालचा प्लास्टिक कागद दमट निघाला, वरचा कोरडा. म्हणजे खरवडणं आलंच, आणि जमिनीकडून ओल आहे.

शब्द टाइप करून पाहिला तर ‘वाचनालय’मधला ‘ल’ हिंदीसारखा येतोय, उजवीकडे दंड असलेला. फाँट बदलले तरी तोच. हा हाताने बदलायचा का?

शिरोरेघ
हाताने आत्ता नका बदलू. आधी यंत्राला नीट सांगून पाहा.

मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हीच रूपं धरली आहेत. बऱ्याच चांगल्या युनिकोड फाँटांत ही रूपं आत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. काहीच निवडलं नाही की हिंदी रूप येतं.

फुकटातला खात्रीचा रस्ता: लिबरऑफिस रायटरमध्ये शब्द लिहा, निवडा, अक्षरांच्या मांडणीत कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा मराठी करा. ‘ल’ लगेच बदलला तर फाँटमध्ये सोय आहे. नाही बदलला तर फाँट बदला. मग पीडीएफ काढा, इंकस्केपमध्ये उघडताना मजकुराचे पाथ, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा, करून घ्या. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या टाइपखाली इंडिक ऑप्शन्स चालू करा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि रफार सुटा पडतो. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा मराठीसाठीच केलेला आहे, तोही पाहा. गावातल्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी असेल तर त्यातही मराठी ‘ल’ मिळतो. फक्त फाइल घेताना कन्व्हर्ट टू कर्व्ह करून घ्या, नाहीतर दुसऱ्या मशीनवर अक्षरांच्या जागी भलतंच उमटतं.

आणि फाँट हा शेवटचा नमुना नव्हे. तो सांगाडा समजा. तीन फूट उंच केलेला फाँट भिंतीवर थंड दिसतो, कारण तो पानासाठी केलेला असतो. छापील अक्षरावर ट्रेसिंग ठेवून त्याच्या कडा कुंचल्याच्या वळणाने पुन्हा काढा. दंडाचं खालचं टोक सपाट न कापता कुंचल्याच्या कोनात तिरपं कापा. एवढ्यानेही अक्षर जिवंत होतं.

तुमच्या मजकुरात नेहमी चुकणाऱ्या तीन जागा सांगतो. ‘सार्वजनिक’मधला रफार ‘व’च्या दंडावर बसला पाहिजे. घाईत तो आधीच्या कान्यावर बसवला जातो आणि ‘र्सा’ असं काहीतरी वाचलं जातं. ‘नि’च्या वेलांटीची कमान ‘न’च्या दंडापर्यंत पोचली पाहिजे. फाँटमध्ये ती पुष्कळदा आखूड असते आणि मोठी केल्यावर अधांतरी दिसते. तिसरं अंतराचं. ‘वा’ आणि ‘ना’मध्ये दंड आणि काना हे दोन सरळ खांब शेजारी येतात. तेच अंतर आधी ठरवा, कारण दोन सरळ रेघांना सगळ्यात जास्त मोकळीक लागते. सरळ आणि गोल शेजारी आले, जसं ‘ना’च्या कान्यानंतर ‘ल’ची पाकळी, तर थोडं कमी. दोन गोल आले तर आणखी कमी. पट्टीने सगळी अंतरं सारखी केलीत तर शब्द मध्येच फाटलेला दिसेल.

मोजमाप
आता गणित. जोरकस अक्षर धरलं तर शिरोरेघेपासून पायापर्यंतची उंची तीन फूट असताना रुंदी साधारण अशी येते: ‘वाचनालय’ सव्वातेरा फूट, ‘सार्वजनिक’ चौदा फूट. दोन्ही मिळून सव्वासत्तावीस. भिंत २४. म्हणजे एका ओळीत हवं असेल तर उंची सव्वादोन फुटांवर आणावी लागेल. शब्दांमधली जागा धरून बावीस फूट भरतात, आणि चित्राला जागाच उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ‘वाचनालय’ मोठं करा, ‘सार्वजनिक’ लहान करून वर बसवा. ‘वाचनालय’ला वर मात्रा नाही, वेलांटी नाही, खाली उकार नाही. शिरोरेघेवरची सगळी जागा रिकामी मिळते. असा सोयीचा शब्द नशिबानेच मिळतो.

जमिनीपासून मापं:
१ फूटपर्यंत काही नाही, कारण ओल तिथूनच चढणार आहे. हा पट्टा वेगळ्या, मातकट रंगाचा ठेवा, तो दरवर्षी सुटा रंगवता येतो.
अक्षरांचा पाया १ फूट ९ इंचावर.
‘वाचनालय’ची शिरोरेघ ४ फूट ९ इंचावर, जाडी ५ इंच. दंडाची जाडी ६ इंच. आडवी रेघ उभ्या रेघेच्या बरोबरीची केली तर डोळ्याला जास्त जाड वाटते, म्हणून ती थोडी कमी.
‘सार्वजनिक’चा पाया ५ फूट ९ इंचावर, शिरोरेघ ६ फूट ९ इंचावर, वेलांटी आणि रफार धरून साधारण ७ फूट २ इंचापर्यंत. हा शब्द पावणेपाच फुटांत बसतो.

डावीकडे एक फूट समास सोडून अक्षरं सुरू करा. उजवीकडे एक फूट समास ठेवला तरी चित्राला साधारण पावणेनऊ फूट रुंदी उरते. अंतरावरून वाचण्याचा ढोबळ हिशेब: अक्षराची उंची एक इंच असेल तर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. तीन फुटी अक्षर रस्त्याच्या टोकावरून वाचलं जाईल.

कागदावर प्रमाण १ इंचाला १ फूट. म्हणजे २४ बाय ८ इंचांचं रेखाटन. लक्षात ठेवा, कागदावर सुताएवढी, म्हणजे एक अष्टमांश इंचाची चूक भिंतीवर दीड इंच होते. म्हणून एवढ्या लहान रेखाटनावरून अक्षरं थेट चौकटींनी वाढवू नका. चित्राला चौकटी चालतात, अक्षरांना खाका करा.

खाका असा: पीडीएफ मूळ मापात घेऊन फ्लेक्सवाल्याकडून साध्या कागदावर तुकड्यांत प्रिंट काढा, किंवा ब्राउन पेपरचा रोल पसरून त्यावर हाताने काढा. बाह्यरेषेवर दर अर्ध्या इंचाला जाड सुईने भोक पाडा, वळणावर पाव इंचाला. कागदाखाली जुनी सतरंजी घाला म्हणजे भोक स्वच्छ पडतं. मागून पॉलिश पेपर फिरवून भोकांच्या कडा घासा, नाहीतर ती मिटतात. मलमलीच्या फडक्यात कोळशाची वस्त्रगाळ पूड घेऊन पुरचुंडी बांधा. कागद भिंतीवर लावून पुरचुंडी थोपटा, घासू नका. घासली की कागद सरकतो आणि ठिपके दुहेरी उमटतात. काळसर भिंतीवर कोळशाऐवजी खडूची पूड.

खाका लावण्याआधी शिरोरेघ आणि पाया या दोन रेघा भिंतीवर हव्यात. जमिनीपासून मोजून रेघ मारू नका. रस्त्याला उतार असतो, २४ फुटांत तो सहज तीन-चार इंचांचा निघतो. पाणसळच्या नळीने दोन्ही टोकांना समपातळी घ्या, लाईनदोरी ताणून मधोमध एकाने दाबून धरा आणि दोन्ही अर्ध्यांत वेगवेगळी झटका. २४ फूट दोरी एकदम झटकली तर मध्ये झोळ येतो. दंडांसाठी ओळंबा. गेरू लावून दोरी झटकू नका, फिक्या रंगाखालून तांबडी रेघ वर येते.

काजळकाठी
मोजमाप यांच्या खाक्याला पर्याय म्हणून प्रोजेक्टर का नको? रात्रीत आख्खी भिंत उतरते.

मोजमाप
या भिंतीला नको, त्याला कारण आहे. साध्या प्रोजेक्टरला बारा फूट रुंद प्रतिमेसाठी साधारण अठरा फूट मागे जावं लागतं. म्हणजे तो रस्त्याच्या मधोमध येणार, आणि २४ फुटांसाठी दोन वेळा लावून जोड जुळवावा लागणार. प्रोजेक्टर जरा जरी तिरपा असला तरी चौकोनाचा समलंब होतो. झाडाच्या चित्रात ते खपून जातं, शिरोरेघेत तीन इंचांची तफावत लांबूनही दिसते.

भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा काढायच्या, फोटो घ्यायचा, मोबाइलमध्ये त्यावर रेखाटन ठेवायचं आणि खुणांच्या आधाराने काढायचं, ही हल्लीची पद्धत चित्रासाठी उत्तम आहे. उंच इमारतींवर तीच सोयीची. पण फोटो भिंतीच्या बरोबर समोरून, मध्यापासून घ्या. मोबाइलच्या वाइड लेन्सने घेतलात तर कडांना रेघा वाकतात. अक्षरांना मात्र खाकाच.

गेरू
रंगाचं प्रमाण. भिंत १९२ चौरस फूट.

प्राइमर २ लिटर.
पार्श्वभूमीचा बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक इमल्शन ४ लिटर. दोन हातांना लिटरमागे पन्नास चौरस फूट धरा, डब्यावर जास्त लिहिलेलं असतं, पण खरवडलेली भिंत रंग पिते.
अक्षरांचा गडद रंग १ लिटर. रंगवायचं क्षेत्र बावीस-पंचवीस चौरस फूटच आहे, निम्मा डबा नंतरच्या डागडुजीला उरेल. तो उरायलाच हवा, कारण तीच छटा दोन वर्षांनी हुबेहूब मिळत नाही. छटेचा कोड वाचनालयाच्या वहीत लिहून ठेवा.
चित्रासाठी चार रंग, प्रत्येकी अर्धा लिटर.

पार्श्वभूमी फिकी आणि अक्षर गडद ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारी तापते. गडद पार्श्वभूमी जास्त तापते, आत थोडी जरी ओल असली तरी वाफ होऊन फोड येतात. तुमच्याकडे खाली ओल आहेच.

टिकण्याच्या दृष्टीने ऑक्साइडचे रंग पहिले: गेरू, पिवळी माती, काव, काळा. उन्हात हे वर्षानुवर्षं बसून राहतात. चटकदार गुलाबी, पोपटी, नारिंगी पश्चिमेला पहिल्यांदा उडतात. चटकदार पिवळा आणि लाल बरेच पारदर्शक असतात, गडद रंगावर थेट दिलेत तर चार हात लागतील. आधी पांढरा किंवा फिका राखाडी द्या, मग दोन हातांत भागतं.

गडद छटा मशीनवर डीप बेसमध्ये, म्हणजे पांढरा कमी असलेल्या मूळ रंगात, करून घ्या. पांढऱ्या डब्यात बाटलीने स्टेनर ओतून गडद करायला जाऊ नका. लिटरला साधारण तीस मिलिलिटरच्या वर स्टेनर गेला की रंग नीट सुकत नाही आणि पहिल्या सरीत ओघळ येतात. भिंतीवर अक्षरांखाली रंगीत अश्रू दिसतात ते यामुळेच.

घोडी-फळी
गेरूशी सहमत. क्रमाबद्दल थोडं.

भिंत पश्चिमेची, म्हणजे सकाळी सावलीत. साडेसहा ते बारा काम करा. तापलेल्या भिंतीवर रंग कुंचल्याखालीच सुकतो, जोड दिसतात. दोन हातांत किमान चार तास.

शिरोरेघ आणि दंडांना मास्किंग टेप लावणार असाल तर पार्श्वभूमी पूर्ण चोवीस तास सुकू द्या. गिलाव्याच्या खरखरीतपणामुळे टेपखालून रंग झिरपतो. उपाय सोपा आहे: टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी पार्श्वभूमीचाच रंग फिरवा. जे झिरपायचं ते तेच झिरपेल आणि फट बुजेल. मग अक्षराचा रंग. शेवटचा हात ओला असतानाच टेप तिरकी ओढून काढा. सुकल्यावर ओढली तर कड फाटते.

वळणांना टेप नको. एक इंची चपटा कुंचला, रंगात फक्त पाच टक्के पाणी, आणि हात टेकवायला टोकाला चिंधी बांधलेली काठी. कुंचला स्वतःकडे ओढत रेघ काढा, ढकलू नका. आधी कडा, मग पोट दोन इंचीने भरा. आठ फुटांसाठी दोन घोड्या आणि एक फळी पुरे, परांचीची गरज नाही. शिडीवरून मात्र शिरोरेघ रंगवू नका, दर दोन फुटांनी उतरावं लागतं आणि रेघेचा हात तुटतो.

दौत
चित्राबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

पावणेनऊ फुटांत पुस्तक वाचणारं मूल, घुबड, पृथ्वीचा गोल आणि सरस्वती हे सगळं कोंबू नका. एक आकार घ्या. अक्षरांचं वजन आणि चित्राचं वजन जुळलं पाहिजे. सहा इंची दंडाशेजारी अर्ध्या इंचाच्या रेषेने काढलेलं नाजूक चित्र हरवून जातं. सपाट रंगांचे मोठे आकार ठेवा, बारकावा फक्त एका जागी.

नमुन्यांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. १९७१ पासूनचं ते काम आहे. दोन-तीन रंगांच्या छपाईत चित्रकारांनी काय साधलंय ते पाहा. तुमच्याकडेही चारच डबे असणार आहेत, तेव्हा मर्यादा तीच आहे. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, वसंत सरवटे यांची रेषा, आणि आजचं पाहायचं तर चंद्रमोहन कुलकर्णी यांची मुखपृष्ठं. चेन्नईच्या तारा बुक्सची हाताने स्क्रीन प्रिंट केलेली पुस्तकं कुठे मिळाली तर हातात घेऊन पाहा. गोंड चित्रकारांनी झाडाच्या एका आकारात किती पोत भरलेत ते दिसेल. पण गोंड किंवा वारली नक्षी उचलून भिंतीवर डकवू नका. ती कोणाची तरी हयात परंपरा आहे. हवी असेल तर त्या चित्रकाराला बोलवा, मानधन द्या.

नमुना गोळा करताना प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहा: यातलं नेमकं काय आवडलं? ‘रंग’ असं नाही. ‘काळ्या आकारात एकच पिवळा चौकोन, नजर तिथेच जाते’ असं. ओळ लिहिता आली नाही तर तो नमुना बाजूला ठेवा. तीनशे चित्रं जमवण्यापेक्षा अशी बारा पुरतात.

एक सुचवते. ‘वाचनालय’मधल्या ‘य’चा दंड हा उभ्या पुस्तकाचा कणा होऊ शकतो. शिरोरेघ उजवीकडे तशीच पुढे न्या, ती पुस्तकांच्या फळीची कड होते. पुस्तकं शिरोरेघेवर उभी, कमीजास्त उंचीची. अक्षर आणि चित्र दोन वेगळे तुकडे राहणार नाहीत. पुस्तकांच्या कण्यांवर नावं लिहू नका, रंगाचे नुसते पट्टे ठेवा. बारीक अक्षर गिलाव्यावर नीट उमटत नाही आणि मुख्य शब्दाशी भांडतं.

शिरोरेघ
दौत, ही कल्पना फार चांगली आहे. फक्त ‘य’च्या दंडानंतर शिरोरेघ चार-पाच इंच तोडा आणि मग फळी सुरू करा. सलग नेली तर डोळा पुढच्या अक्षराची वाट पाहतो आणि पहिलं पुस्तक कान्यासारखं वाचलं जाईल. ‘वाचनालया’ होईल.

पानगळ
‘वाचनालया’ खरंच झालं असतं. दोघांचेही आभार. तोडून घेतो.

परवानगीचं काय? भिंत वाचनालयाचीच आहे. आणि शेवटी वरून क्लिअर कोट द्यायचा का?

मोजमाप
भिंत स्वतःची असली तरी रस्त्यावरून दिसते, म्हणून ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडून लेखी परवानगी घ्या. राज्यात मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. अर्जासोबत वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव आणि रेखाटनाची रंगीत प्रत जोडा. रंगाला पैसे देणाऱ्या दुकानाचं नाव भिंतीवर घालणार असाल तर ती जाहिरात ठरू शकते, तेव्हा तेही अर्जात लिहा. दुसऱ्या चित्रकाराचं चित्र इंटरनेटवरून जसंच्या तसं उतरवायचं असेल तर त्याचीही लेखी संमती हवी. आणि रंगवणाऱ्या चौघांची नावं उजव्या कोपऱ्यात, साल घालून लिहा. पट्ट्याच्या वर, म्हणजे ओलीत जाणार नाहीत.

घोडी-फळी
क्लिअर कोट या वर्षी नको. खालून ओल आहे, वरून बंद केलंत तर पाणी कोटाच्या मागे अडकतं आणि दुधाळ डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. एक पावसाळा जाऊ द्या. दिवाळीनंतर पुन्हा प्लास्टिकचा कागद लावून बघा. कोरडा निघाला तर बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक क्लिअर, मॅट, एक पातळ हात. दमट निघाला तर कोट विसरा, फक्त खालचा फूटभर पट्टा पुन्हा रंगवा.

वाळू किंवा माती भिंतीला टेकून साठवू देऊ नका, आणि पायथ्याशी फूटभर खडी पसरा. पावसाचे उडणारे शिंतोडे चिखल घेऊन अक्षरांपर्यंत जातात, खडीवर पडले की तिथेच जिरतात.

पानगळ
खडी उद्याच सांगतो. खरवडायला रविवारी सुरुवात. खाक्यासाठी फाइल तयार झाली की इथे टाकतो, रफार आणि वेलांटी एकदा बघून द्या.

शिरोरेघ
टाका. सोबत ‘वा’ आणि ‘ना’मधलं अंतर इंचांत लिहा.